पोळपाटावरची कळ

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलं नाही असं नाही. पुष्कळांनी विचारलं, आणि दर वेळी मी सांगितलंही, फक्त खोटं सांगितलं. सोलापुरात बिनतारी यंत्राचा छंद असलेली जी थोडी मंडळी आहेत ती मला एका गोष्टीसाठी ओळखतात: दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, अक्कलकोटच्या रस्त्यावर, चालत्या मोटारीतून मोर्सच्या लिपीत सिलोनशी बोललेला माणूस. त्यातली मोटार खरी, रस्ता खरा, सिलोनही खरं. पण टिंबं-रेघा पाठवायच्या कळेवर हात माझा नव्हता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा होता.

आता अक्का नाही. ज्याची मोटार होती तो मित्रही नाही. माझं खोटं उघडं पाडू शकेल असं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात आलं आहे.

मला चालता येऊ लागलं त्याच सुमारास आई गेली. अक्काचं तेव्हा लग्न झालेलं होतं; दाजी जेऊरच्या स्टेशनात तारबाबू होते. दिवसकार्य उरकून ती माहेराहून, नातेपुत्याहून परत निघाली तेव्हा वडिलांनी मला तिच्या मांडीवर दिलं. म्हणाले, "वाटंत रडून जीव खाईल गं तुझा."

ती म्हणाली, "न्हाय रडायचा."

आमचा गाडीवान पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट सांगायचा. रस्ता कसला, नुसते धोंडे. चाक दगडावर चढून आदळलं की गाडीतली गाठोडी उडायची, अक्काची पाठ लवायची, मान हलायची, पण मांडी म्हणून हलायची नाही. मी जेऊर येईपर्यंत झोपलेला होतो म्हणे. मी हे ऐकायचो आणि विसरून जायचो.

जेऊरला दाजींची खोली आणि तारऑफिस यांची भिंत एकच होती. तारेचं यंत्र शिट्टी वाजवत नसे. पितळी दांडी नुसती कड-कट्ट, कड-कट्ट करी. आवाज मोठा व्हावा म्हणून दाजींनी यंत्रामागं तंबाखूचा रिकामा डबा खोचला होता. दोन टोल्यांमधलं अंतर कमी म्हणजे टिंब, जास्त म्हणजे रेघ. टिंबारेघांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. भिंतीअलीकडे भाकरी थापताना अक्का ते ऐकत असे. एकदा दाजी जेवायला आले तर ती म्हणाली, "जेवा निवांत. मालगाडी कुर्डुवाडीलाच आडकलीया."

"तुला कुणी सांगितलं?"

"डब्यानं."

दाजी हसले नाहीत. जेवण तसंच ठेवून त्यांनी ताटाच्या काठावर बोटानं एक शब्द वाजवला. अक्कानं तो सांगितला. दुसरा वाजवला. तोही सांगितला. मग त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "इकडं ये. तुलाही शिकवतो, नाहीतर उद्या बहिणीपुढं लाजशील."

मला त्यांनी नोकरीसाठी शिकवलं, अक्काला शिकवावंच लागलं नाही. इंग्रजी पुस्तक तिला वाचता येत नसे, पण वॅगन, अर्जंट, कॉटन, शुगर हे मालाच्या तारांतले शब्द तिला कानानं पाठ होते. आमच्या घरात एक खूणही रूढ झाली. लांब, आखूड, लांब. तारेच्या भाषेत तिचा अर्थ, 'सांग, मी ऐकतोय.' काही मागायचं असलं की मी उंबऱ्यावर बोटानं टकटक करायचो, आणि अक्का मान वर न करता परातीच्या काठावर वाजवायची: लांब, आखूड, लांब. सांग.

पुढं दाजी तापानं गेले. तोवर मी सोलापूरला रेल्वेच्या तारऑफिसात लागलो होतो. माझं लग्न व्हायचं होतं. मोकळं कपाळ आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन अक्का माझ्याकडे आली आणि माझं घर तिनं चालवायला घेतलं.

बिनतारीचा परवाना मी हौसेनं काढला होता. यंत्र घरीच जोडलेलं, दोन बल्बांचं, उघड्या फळीवर. अक्कानं ते पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तिनं फळीभोवती फेरी मारली, भिंतीमागं डोकावून पाहिलं.

"तार कुटं हाय?"

"तार नाहीच."

"मग येतंय कशावरनं?"

"कशावरनंच नाही. असंच येतं, हवेतनं."

मी कानावर लावायचे फोन तिच्या डोक्यावर चढवले. रंगूनकडचा कुणीतरी पाठवत होता. अक्कानं डोळे मिटले आणि उजवा हात शेजारच्या भिंतीवर टेकला, जेऊरच्या त्या भिंतीवर टेकायची तसा. बऱ्याच वेळानं म्हणाली, "डब्यातलं कडकट्ट येगळं. ही शिट्टी हाय. लई लांबनं कुणी पावा वाजवावा आन् तो आपल्यालाच वाजवावा, तसं." मग तिनं हात भिंतीवरून काढला आणि स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. भिंतीत काही नव्हतं. मी रोज यंत्रावर बसणारा माणूस. त्यात केवढं नवल आहे हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

प्रत्येक परवानेवाल्याला सरकार काही अक्षरांची एक हाक देतं. साऱ्या जगात ती हाक दुसऱ्या कुणाची नसते. आणि नियम असा की ज्याची हाक, त्याचाच हात कळेवर पाहिजे. अक्का ऐकू शकत होती, पाठवू शकत नव्हती. एके दिवशी ज्वारी निवडता निवडता तिनं विषय काढला.

"मला बी परीक्षा देयाची हाय."

"कशाला?"

"हाक पायजे मला. हितं कुणाची अक्का, कुणाची काकू, कुणाची त्या तारबाबूची बायकू. ह्ये गेल्यापासनं माझ्या नावानं मला एक माणूस बोलवत न्हाय. ती अक्षरं तरी माझी असतील की."

"बायका देत नाहीत परीक्षा."

"देत न्हाईत का घेत न्हाईत? तू सायबाला इच्चार तरी."

मी म्हणालो, "परवानेखात्याचा साहेब तपासणीला आला की सांगतो." तिनं मान हलवली आणि पुन्हा सुपाकडे वळली. तिच्या बाजूनं ते ठरलं होतं.

मोटारीचं खूळ माझ्या मित्राचं. नव्या पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि कापडी टपाची एक जुनी मोटार त्यानं नुकतीच घेतली होती. तो म्हणाला, "बोटीवरनं बोलतात म्हणतोस, मग मोटारीतनं का न्हाय? का माझी मोटार बोटीपेक्षा कमी डुलते?" मी चालत्या मोटारीतून प्रयोग करायची रीतसर परवानगी मिळवली, अर्थात माझ्या हातासाठी. मोटारीसाठी दुसरं यंत्र जोडलं, मागच्या बाकाखाली कोरड्या बॅटऱ्यांची चळत लावली, मागं एक बांबू उभा बांधला आणि त्याच्या शेंड्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत तांब्याची तार ताणली. पेठेतली पोरं ओरडायची, "शेटजी, धुणं वाळत घालायला निगाला का?"

पहिल्या दिवशी मी गुडघ्यावर फळी ठेवून कळ वाजवत गेलो आणि अक्का घरी ऐकत बसली. परत आल्यावर मी विचारलं, "काय आलं?"

"लाह्या."

"म्हणजे?"

"तव्यावर लाह्या फुटल्यागत नुसतं तडतड. तू बोलत हुतास का ज्वारी भाजत हुतास?"

मित्र पोट धरून हसला. खड्डा आला की माझा हात कळेवर आदळत होता आणि नको तिथं टिंबं पडत होती. मी मनगट बांधून पाहिलं, फळीखाली उशी घेऊन पाहिलं. लाह्या फुटतच राहिल्या. शेवटी अक्का म्हणाली, "मी बसू का?"

"नियम आहे."

मित्र म्हणाला, "तुझा परवाना खिशात घे आन् तू बी शेजारी बस की. अक्का, तुमी चला. मोटार माझी हाय."

ती आत गेली आणि पोळपाट घेऊन आली. कळ फळीवरून काढून दोन स्क्रूंनी पोळपाटावर बसवायला लावली. पोळपाटाला खाली तीन पाय होते, ते मांडीवर घट्ट बसायचे. कानावर फोन, फोनावरून पदर. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, "बाईंच्या कानाला काय झालं?" मित्र गाडी न थांबवता म्हणाला, "ठणका लागलाय. बांधलंय." गल्लीतल्या बायका आपसात काय बोलत होत्या ते आमच्या कानावर येतच होतं, विधवा बाई रोज संध्याकाळची मोटारीत बसून जाते कुठं म्हणून. अक्काला विचारायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

चालत्या मोटारीत आणखी एक पंचाईत होती. इंजिन सुरू असताना त्याच्या ठिणग्यांची खरखर फोनांत भरून जायची आणि दुसरं काही ऐकू येत नसे. तेव्हा आम्ही रस्त्याच्या चढउतारांप्रमाणे काम बांधलं. चढावर आणि सपाटीवर इंजिन चालू, तेव्हा पाठवायचं. उतार लागला की मित्र इंजिन बंद करायचा, मोटार आपल्या ओढीनं घरंगळत राहायची, तेवढ्यात ऐकायचं. अक्कलकोटच्या रस्त्यावर ओढ्यांकडं उतरणारे असे लांब, सुस्त उतार आहेत. म्हणून तो रस्ता.

त्या संध्याकाळी शाळू हुरड्यावर आला होता. पाठीमागं गिरण्यांची धुराडी, त्यांच्यावर लाल झालेला सूर्य. मोटार चढावर घरघरत होती आणि अक्का सगळ्यांना उद्देशून हाक पाठवत होती. माझी हाक. शेवटी लांब, आखूड, लांब. सांग, मी ऐकतोय. तेवढ्यात माथा आला आणि मित्रानं इंजिन बंद केलं.

इंजिन थांबल्यावर जी शांतता पसरते ती मोटारीत बसलेल्या माणसालाच कळते. चाकाखालची खडी, टपाचं कापड, वारा. पुढं ओढ्यापाशी एक मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. भोंगा वाजवावा तर ऐकण्यात व्यत्यय, थांबावं तर चालती मोटार कसली! मित्र दात-ओठ खात हळूहळू ब्रेक दाबत होता. कळप वेळेवर सरकला. आमची मोटार आवाज न करता बाजूनं गेली तसा मेंढपाळ दोन पावलं मागं सरला आणि ओरडला, "आवाजच न्हाय की! मोटार हाय का भूत हाय?"

त्याच क्षणी अक्कानं हात वर केला.

मी दुसरा फोन कानाला लावला. आधी नुसती सळसळ, शाळवाच्या पानांतून वारा जावा तशी. आणि तिच्या आत, फार खोल, एक बारीक शिट्टी. माझी हाक. कुणीतरी माझीच अक्षरं म्हणत होतं. मग त्याची स्वतःची हाक आली. सिलोन. आमच्या आणि त्याच्या मध्ये किती गावं, किती नद्या, शेवटी समुद्र. आणि आमच्या बाजूला एक बांबू, एक तांब्याची तार आणि पोळपाट. मित्र मागं वळून बघत होता, "आलं का? आलं का रं?" मी फोन कानाशी दाबून धरला. नुसती मान हलवली.

ओढा ओलांडला, चढ लागला, इंजिन धडधडलं, आणि अक्का उत्तर देऊ लागली. तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. मोटार हादरत होती. तिची पाठ लवत होती, मान हलत होती, पदर उडत होता. पण मांडी हलत नव्हती. पोळपाट पाण्यात ठेवल्यासारखा स्थिर होता आणि त्याच्यावर तिची दोन बोटं, पापणी लवावी इतकी हलकी, खाली-वर होत होती. एकही टिंब जास्त नाही. गाडीवानाची गोष्ट मला तेव्हा आठवली. याच मांडीवर मी झोपलो होतो. माझे डोळे भरून आले आणि मी तोंड शाळवाकडे वळवलं.

बोलणं असं उतारावरून उतारावर चाललं. तो विचारी, आम्ही पुढच्या चढावर उत्तर देऊ. त्यानं विचारलं, कुठून? अक्कानं मी सांगितली ती अक्षरं वाजवली: सोलापूरजवळ, चालत्या मोटारीतून. तो म्हणाला, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. पुढच्या उताराला त्याचं उत्तर आलं आणि मी ते मोठ्यानं मराठीत सांगितलं: "तो म्हणतो, थट्टा करू नकोस म्हाताऱ्या. हा हात टेबलाशी बसलेल्या माणसाचा आहे."

बिनतारीवाले एकमेकांना लाडानं म्हातारा म्हणतात, वय काही असो. मित्राला ते ठाऊक नव्हतं.

"अक्का, तुमाला म्हातारा म्हनतोय व्हय त्यो!"

"म्हणू दे," अक्का म्हणाली. तिचं तोंड उजळून निघालं होतं. "माझा हात तर वळाकला की त्यानं."

मग सूर्य गेला, शिट्टी विरत गेली. आम्ही परत फिरलो. शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "सायेब कवा येणार हाय?"

साहेब थोड्याच दिवसांत आला. पुण्याकडचा, मराठीच, हसतमुख माणूस. यंत्र पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अहो, त्या संध्याकाळी मी स्वतः ऐकत होतो. सिलोनवाल्याला ती थट्टा वाटली, मी तर शपथेवर सांगितलं असतं की हा माणूस टेबलाशीच बसलाय. चालत्या मोटारीत असा हात मी जन्मात ऐकला नाही. तुमचाच ना?"

इथं 'नाही' म्हणायचं होतं. परवाना जाईल ही भीती मला होती. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला तेच कारण देत आलो. पण खरं कारण ते नव्हतं. खरं हे की ते कौतुक मला गोड लागलं. मी म्हणालो, "हो, माझाच."

अक्का चहा ठेवून आत गेली होती. दार उघडं होतं. मी ट्रंकेत परवाना शोधत होतो. साहेबानं चहाचा घोट घेतला आणि तारखात्यातल्या माणसांना असते तशा खोडीनं चमच्यानं बशीवर वाजवू लागला. माझं लक्ष नव्हतं. अक्का बाहेर आली आणि साखरेची वाटी त्याच्यासमोर ठेवून उभी राहिली.

साहेबाचा चमचा हवेतच थांबला. "मी आत्ता बशीवर 'शुगर' वाजवलं. यांना कसं कळलं?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिनं दार उघडून दिलं होतं, मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "मीच खूण केली तिला. ती घरकाम बघते. तिला यातलं काही कळत नाही."

साहेब हसला. त्यानं साखर घेतली, चहा संपवला आणि गाडी गाठायला निघून गेला.

मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा अक्का पोळपाट पालथा घालून सुरीच्या टोकानं स्क्रू सैल करत होती. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला नक्की सांगतो."

"आता कशाला?" ती म्हणाली. "मला कळत न्हाय की त्यातलं."

कळ तिनं माझ्या हातात दिली. त्यानंतर ती यंत्राच्या खोलीत झाडायलासुद्धा आली नाही. मित्राला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मोटार माझी, हात अक्काचा, आन् नाव तुझं. झकास हाय की धंदा." मोटारीचा बांबू त्यानं सोडून टाकला. आणि पोळपाट स्वयंपाकात परत आला. त्याला मधोमध दोन भोकं राहिली होती. सणासुदीला पोळी झाली की माझ्या पानातल्या पोळीवर दोन फुगीर ठिपके उठलेले असायचे. नवीन पोळपाट आणावा असं माझ्या बायकोनं पुढं कितीदा सुचवलं. अक्का म्हणायची, "ह्याला काय झालंय?"

लढाई लागली तसे सगळ्यांचे परवाने रद्द झाले, यंत्रं जमा झाली. ती संपल्यावर माझा परवाना परत मिळाला, हाकही मिळाली. म्हातारपणी गावातल्या छांदिष्ट तरुणांनी माझा सत्कार केला. शाल घेऊन घरी आलो तेव्हा अक्कानं विचारलं, "कशाची शाल?"

मी म्हणालो, "वयाची."

"बरं झालं," ती म्हणाली. "थंडी हाय."

शेवटच्या काळात तिला ऐकू येईनासं झालं. डोळेही अंधुक झाले. लोखंडी खाटेवर वाकळ पांघरून ती पडून असायची. एके दिवशी सकाळचं ऊन तिच्या पायांवर येत होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. आता बोलून उपयोग नव्हता, पण एक वाट अजून उघडी होती. मी तिचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटानं टकटक केलं, उंबऱ्यावर करायचो तसं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिचं बोट माझ्या तळहातावर हललं. इतक्या वर्षांनी. लांब, आखूड, लांब.

सांग.

माझ्या मनात शब्द जुळलेले होते. माफ कर अक्का, कळेवर तू होतीस. दाजींनी शिकवल्याप्रमाणे मराठी शब्दांना इंग्रजी अक्षरं, आणि पहिलं अक्षर, एम, दोन रेघांचं. एक रेघ मी तिच्या मनगटावर दाबली. दुसरी माझ्या बोटातून उतरेना.

ती थांबली. वाट पाहिली. पुन्हा तिचं बोट हललं, लांब, आखूड, लांब.

मी तिची वाकळ नीट केली, आणि तोंडाजवळ हात नेऊन खुणेनं विचारलं, चहा टाकू?